गॅरार्ड ३०१ : घरच्या हायफायचा पाया

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यात १९५०च्या दशकात तयार होऊ लागलेला गॅरार्ड ३०१ हा टर्नटेबल विकला जाई तो बिनपेटीचा आणि बिनटोनआर्मचा. त्या दोन्ही गोष्टी ज्याने त्याने जमवायच्या. म्हणूनच हौशी जुळणीला तो आजही इतका जवळचा वाटतो.

मोटरच्या पायऱ्यांच्या पुलीला रबरी चाक टेकते आणि ते तबकाची आतली कड फिरवते. पायरी बदलली की ३३⅓, ४५ किंवा ७८चा वेग मिळतो. रबर कडक झाले, त्यात खळगा पडला, की संथ आलापामागे घरघर ऐकू येते. दुरुस्ती इथूनच सुरू करावी, मग बेअरिंगचे जुने वंगण काढावे. पुली ५० हर्ट्झची आहे ना, हे पाहावेच. ६० हर्ट्झची पुली भारतात लावली तर गाणे रेंगाळते.

पेटी जड आणि भरीव हवी. प्लायवुडचे थर चिकटवून केलेली पेटी मोटरची थरथर छान जिरवते.

सुई मात्र तबकडीप्रमाणे बदलावी लागते. लाखेच्या ७८च्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि गाण्याऐवजी खरखरच उचलते.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा संकेत जेमतेम ५ मिलिव्होल्टचा. एलपी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. फोनो प्रीअँप आरआयएए वक्राने ते पूर्ववत करतो. एवढे करूनही स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर आधी टोनआर्मची अर्थिंगची तार तपासावी.