ऑपरेशननंतर बीपीच्या गोळ्या सुटतील का? एका स्कोअरची उलटतपासणी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते : अधिवृक्क, म्हणजे ॲड्रिनल. कधीकधी त्यातल्या एकीत गाठ होते आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होतं. शरीरात मीठ आणि पाणी साठतं, बीपी चढतं. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार मांडला. गाठ एकाच बाजूला असेल तर ती ग्रंथी काढतात. मग रुग्णाचा प्रश्न एकच : "आता गोळ्या बंद होतील ना?"

२०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ७०५ रुग्णांचे निकाल एकत्र तपासले. संप्रेरकाचा बिघाड ९४ टक्के लोकांत पूर्ण सुधारला. पण गोळ्यांशिवाय बीपी नॉर्मल झालं फक्त ३७ टक्क्यांचं. आणखी ४७ टक्क्यांना थोडा फायदा झाला. कारण सोपं आहे. गाठ गेली, तरी वर्षानुवर्षं दाब सोसून कडक झालेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. लक्षात घ्या, 'यश' कशाला म्हणायचं हे आधी ठरवलं नाही, तर ९४ आणि ३७ दोन्ही आकडे खरेच ठरतात!

आता अंदाजाकडे येऊ. २००८ मध्ये अमेरिकन सर्जन्सनी एक साधा स्कोअर दिला. बीपीची औषधं दोन किंवा कमी : २ गुण. बीएमआय २५ पर्यंत : १. बीपीचा त्रास सहा वर्षं किंवा कमी : १. स्त्री असल्यास : १. चार-पाच गुण मिळाले तर पूर्ण बरं होण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के, शून्य-एकला २७ च्या आसपास.

समजा, जत तालुक्यातला ४८ वर्षांचा शेतकरी. बीएमआय २४, दोन औषधं, बीपी कळून तीन वर्षं झाली. गुण चार. छान! पण थांबा. बीपी 'कळून' तीन वर्षं झाली. सुरू कधी झालं? गावातल्या शिबिरात पहिल्यांदाच पट्टा बांधला असेल, तर आजार दहा वर्षांचाही असू शकतो. मग गुण तीनच, तो मधल्या गटात गेला. औषधं दोनच का? बीपी सौम्य आहे म्हणून, की तिसरं परवडत नाही म्हणून? आणि बीएमआयची २५ ची रेघ? भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात.

म्हणजे हे आकडे फक्त शरीर मोजत नाहीत. दवाखाना किती लांब आहे आणि खिशात किती पैसे आहेत, हेही त्यांत मिसळलेलं असतं. त्या ७०५ रुग्णांतही पूर्ण यशाचं प्रमाण केंद्रागणिक १७ ते ६२ टक्के इतकं बदललं होतं.

सातारा-सांगलीत असा अभ्यास करायचा ठरवलात, तर फॉर्ममध्ये तीन रकाने जरूर ठेवा : निदानाची तारीख, त्याआधी बीपी नॉर्मल असल्याची शेवटची नोंद, आणि लिहून दिलेल्या व प्रत्यक्ष घेतलेल्या गोळ्या. नंतर बघा, स्कोअरने ७५ टक्के म्हटलेल्या गटात आपल्याकडे शंभरातले खरंच किती बरे होतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ते तपासल्याशिवाय बाहेरचा स्कोअर रुग्णासमोर ठेवू नका. "गोळ्या सुटतील" या शब्दावर तो ऑपरेशनचा निर्णय घेणार असतो.