गंबोच्या पातेल्यात कोण कोण?

सांता क्लाराच्या आसपास राहत असाल, तर भारतातून आलेल्या पाहुण्यांना तुम्ही स्टॅनफर्डला नक्की नेलं असेल. हूव्हर टॉवर, समोरच्या हिरवळीवर फोटो, येताना डोसा. त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात मार्लन रिग्ज नावाच्या चित्रपटकाराची कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत. आज त्यांच्याविषयी.

रिग्ज कृष्णवर्णीय, समलिंगी आणि राहणारे ओकलंडचे. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं, ते ब्लॅक पँथर याच ओकलंडचे. जन्म १९५७ चा, टेक्ससमधला. आईवडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून बालपण जॉर्जिया, जर्मनी असं फिरतीचं. हार्वर्डला इतिहास शिकले, बर्कलेला पत्रकारिता, आणि पुढे बर्कलेलाच शिकवू लागले. 'एथ्निक नोशन्स' या माहितीपटाला एमी पुरस्कार मिळाला. इथपर्यंत कुठल्याही आईने शेजारणीला कौतुकाने सांगावं असं सगळं.

मग १९८९ मध्ये आला 'टंग्ज अनटाइड'. हा ५५ मिनिटांचा चित्रपट म्हणजे कविता, नाच, गाणं आणि रिग्ज यांचं स्वतःचं आयुष्य. कॅमेऱ्यासमोर ते स्वतः उभे राहतात, एका प्रसंगात अंगावर कपडाही न ठेवता. शाळेत गोरी मुलं एका नावाने चिडवत, कृष्णवर्णीय मुलं दुसऱ्या. मोठेपणी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात आले. समलिंगी लोकांचं माहेरघरच ते; पण तिथेही आपल्यासारखा चेहरा कुठे दिसेना. एका घराने रंगावरून परकं केलं, दुसऱ्याने प्रेमावरून. हे सगळं त्यांनी बोलून टाकलं.

१९९१ मध्ये पीबीएस वाहिनीच्या मालिकेत तो दाखवायचं ठरलं, तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी नकार दिला. सरकारी अनुदानातले ५,००० डॉलर त्यात आले होते. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या पॅट ब्यूकॅनन यांनी त्यातली दृश्यं थोरल्या बुश यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत वापरली. एवढ्याशा रकमेवरून एवढा गहजब! आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात तेवढ्यात एक बैठक होते, आणि तीही बहुधा पुढची बैठक ठरवायला.

पण मला बोलायचंय ते शेवटच्या चित्रपटाविषयी, 'ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट'विषयी. १९८८ मध्येच रिग्जना एचआयव्हीचं निदान झालं होतं. हा चित्रपट करता करता शरीर खंगत गेलं, आणि ते लपवायचं सोडून त्यांनी तेच चित्रपटात घेतलं. दवाखान्यातल्या खाटेवरून ते बोलतात, आपलं उतरलेलं वजन सांगतात. आणि मधूनमधून येतो आजीच्या हातचा गंबो. गंबो म्हणजे लुइझियानाकडचा दाट रस्सा. आफ्रिकेतल्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थ भेंडी. त्यात सॉसेज, कोंबडी, खेकडा, कोळंबी, घरात असेल ते पडतं. आपल्याकडची भोगीची भाजी आठवा: वांगं, गाजर, पावटे, ओला हरभरा, तीळ, सगळे एका पातेल्यात, आणि तरी प्रत्येकाची चव वेगळी.

रिग्ज आपल्याच समाजाला विचारतात: आजीच्या पातेल्यात सगळं चालतं, मग घरात मी का चालत नाही? आणि फक्त 'मी' नाही. चर्चमध्ये मागे बसवलेल्या बायका, 'जास्त काळी', 'कमी काळी' म्हणून हिणवलेली माणसं, सगळी. घरातलं भांडण क्लायंटसमोर काढू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा. समाजही हेच शिकवतो. दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' लिहिलं, तेव्हा आपल्याच काही माणसांनी त्यांनाही हेच सुनावलं होतं.

५ एप्रिल १९९४ रोजी रिग्ज गेले, ३७ व्या वर्षी. चित्रपट अर्धवट होता. सहकाऱ्यांनी तो त्यांच्या टिपणांवरून पुरा केला.

हे सगळं मला का सुचलं, तर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम माझ्याकडे आलंय. एमबीए, शिवाय एक्सेल येतं, म्हणून. आजोबांच्या एका चुलतभावासमोर जुन्या वहीत एकच शब्द आहे: 'अविवाहित'. पण मुंजी-लग्नांच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या शेजारी तेच एक गृहस्थ आहेत, तरुणपणापासून केस पिकेपर्यंत. आत्याला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "अरे, ते तर घरचेच. त्यांना आमटी तिखट लागायची." आमटीची चव आत्याला पाठ आहे, वहीत नाव मात्र नाही. मी एक्सेलमध्ये एक रकाना वाढवलाय. शीर्षक काय द्यावं, यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या शांतता आहे.

चित्रपट बघायचे तर आधी शेवटचा बघा, साधारण दीड तासाचा आहे. 'टंग्ज अनटाइड' मुलं झोपल्यावर. आणि तुमच्या घरच्या फोटोंत असं कुणी शेजारी उभं असेल, तर आत्याला आजच फोन करा. तिथे सकाळ असेल.