परवाना बारचा नव्हे, पिणाऱ्याचा

मुंबईत बारमध्ये बसून मद्यपान करण्याविषयी जे गैरसमज प्रचलित आहेत, त्यांतील सर्वांत चिवट गैरसमज परवान्याचा आहे. दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी आहे, त्या अर्थी परवाना मालकाने काढलेला आहे आणि आत बसणाऱ्या गिऱ्हाइकाने त्याची फिकीर करण्याचे कारण नाही, असे चांगली शिकलीसवरलेली माणसेही छातीठोकपणे सांगतात. वर हा सारा इंग्रजांच्या काळातला खुळचटपणा असून तो कायद्याच्या पुस्तकात चुकून राहून गेला आहे, अशी पुस्तीही जोडतात. यांतले एकही विधान खरे नाही, आणि दुसरे तर पहिल्याहून अधिक चुकीचे आहे.

इंग्रज सरकारला दारूबंदी करण्यात रस असण्याचे कारणच नव्हते, कारण अबकारी, म्हणजे मद्यावरचा कर, हा त्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता आणि १८७८ चा मुंबई अबकारी कायदा मद्य थांबवण्यासाठी नव्हे, तर त्यावरचा महसूल नीट हाती यावा म्हणून केलेला होता. दारूबंदीची मागणी राष्ट्रीय चळवळीची होती, आणि १९०८ मध्ये पुण्यातील दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परतवणाऱ्या टिळकांच्या अनुयायांवर कारवाई केली ती याच इंग्रज सरकारने. मुंबईत दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग ऑगस्ट १९३९ मध्ये झाला, तोही बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने, डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने केलेला. आज लागू असलेला कायदा १९४९ चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा आहे. बालसरा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी, विशेषतः मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी, रद्द ठरवल्या. उरलेला कायदा मात्र वैध ठरवला. एवढे सगळे नोंदलेले असताना त्याचे पितृत्व इंग्रजांना बहाल करण्याचा हट्ट का टिकून राहतो, हे कोडेच आहे.

१९६० मध्ये राज्य विभागले गेले तेव्हा हाच कायदा गुजरात आणि महाराष्ट्र या दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत परवाने सढळपणे देण्याचा मार्ग पत्करला, परंतु कायदा रद्द केला नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे नाव धारण करणाऱ्या या कायद्याची रचना आजही तीच आहे: आधी सर्वांना मनाई आणि मग अपवाद. हे अपवाद दोन वेगळ्या कागदांनी मिळतात. विक्रेत्याला मिळते ती अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन्स, आणि परमिट रूमकडे असते ती ‘एफएल-३’ या नमुन्यातील अनुज्ञप्ती. मद्य विकत घेणाऱ्याला, जवळ बाळगणाऱ्याला आणि पिणाऱ्याला लागतो तो परवाना. ज्यांच्याकडे असा परवाना आहे त्यांनी बसून प्यावे अशी जागा म्हणजे परमिट रूम. घरच्या कपाटातील बाटलीलाही हाच नियम लागू असल्याने ‘घरी पिण्याला कोण विचारतो’ हा युक्तिवादही कायद्यापुढे टिकत नाही.

परवाना दिसायला अगदी किरकोळ असतो. एक दिवसाचा परवाना म्हणजे बारच्या किंवा वाइन शॉपच्या गल्ल्यापाशी असलेल्या पुस्तकातील एक पावती. तिचे शुल्क विदेशी मद्यासाठी ५ रुपये आणि देशीसाठी २ रुपये असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. सहसा गिऱ्हाईक ती मागत नाही आणि वेटर ती देत नाही. मात्र विचारले जात नाही म्हणून गरज नाही, हे अनुमान छापा पडेपर्यंतच सुखाचे असते. वयाची अटही परवान्याशीच जोडलेली आहे: सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, व्हिस्की, रम, जिन यांसारख्या कडक मद्यांसाठी २५. ज्या कॉकटेलमध्ये जिन आहे ते फळांच्या रसाने कितीही गोड केले तरी दुसऱ्याच गटात मोडते. परवाना राज्यभर चालतो, हेही अर्धसत्यच आहे, कारण वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

इंग्रजांचा वारसा शोधायचाच असेल, तर तो परवान्यावर नव्हे, बाटलीच्या लेबलावर सापडतो. भारतीय व्हिस्की-रमवर छापलेला ४२.८ टक्के हा विचित्र आकडा म्हणजे जुन्या ब्रिटिश मोजमापातील ७५ अंश प्रूफ होय. या आकड्यावरून कॉकटेल हलके असते या समजाचाही निकाल लावता येतो. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १२.८ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. लाँग आयलंड आइस्ड टी या कॉकटेलच्या प्रमाणित कृतीत व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला आणि संत्र्याचे लिकर प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे एकूण ७५ मिलिलिटर पडते, आणि त्यातील मद्यार्क ३० मिलिलिटरच्या आसपास भरतो. वरून ओतलेल्या कोलामुळे तो कमी होत नाही, फक्त जिभेला कळत नाही. एका उंच ग्लासात सव्वादोन पेगांहून अधिक ऐवज असतो. ८ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरच्या बाटलीत तर पुरते चार छोटे पेग असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तातील मद्यार्काची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे आणि सत्तर किलो वजनाच्या पुरुषालाही लागोपाठ घेतलेले दोन छोटे पेग ती ओलांडायला पुरू शकतात. तेव्हा ‘एकच कॉकटेल घेतले’ हे नाकाबंदीवर सांगून उपयोग नाही.

उरलेले समज थोडक्यात उरकता येतील. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते. बिअरवर वाइन घेतल्याने दुसऱ्या दिवशी डोके अधिक दुखते, हा समज २०१९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’ने प्रसिद्ध केलेल्या, ९० स्वयंसेवकांवरील प्रयोगात टिकला नाही, त्रास क्रमाने नव्हे, मात्रेने होतो. बिलात मद्यावर जीएसटी लागत नाही, कारण पिण्याचे मद्य राज्यघटनेनेच जीएसटीबाहेर ठेवले आहे. त्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि जीएसटी खाद्यपदार्थांवर. सर्व्हिस चार्ज हा तर करच नव्हे. तो आपोआप बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने मार्च २०२५ मध्ये ती ग्राह्य धरली.

परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतो. त्याचे शुल्क वर्षाला १०० रुपये आणि आजीवन परवान्यासाठी १००० रुपये असे आहे. मुंबईतील एखाद्या बऱ्या बारमध्ये दोन कॉकटेलना सहज त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात, तेव्हा तो एकदाच काढून खिशात ठेवलेला बरा.