गोठ्यातली मोटारसायकल रस्त्यावर काढण्याआधी

गळीत हंगाम तोंडावर आला, की आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावोगावी एक गोष्ट दिसते. दोन-चार वर्षे गोठ्याच्या कडेला, ठिबकच्या नळ्या आणि रिकाम्या पोत्यांच्या आड उभी असलेली मोटारसायकल बाहेर निघते. कुणाचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला म्हणून ती उभी राहिलेली असते, कुणाचा पाय मोडला होता म्हणून, तर कुणाला साठीनंतर घरच्यांनी चालवू दिलेली नसते. आता मात्र तोडीची टोळी, वजनकाटा, बँक आणि सोसायटी असे एका दिवसात चार ठिकाणी हेलपाटे असतात. मग मेकॅनिक येतो, जुने पेट्रोल काढून नवे भरतो, प्लग साफ करतो आणि दहा-वीस किकांत गाडी बोलू लागते. पण कपाटातल्या विम्याच्या कागदावरची तारीख कुणी बघत नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, त्या कागदाविषयीच आज चार शब्द आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

दंडापेक्षा मोठी गोष्ट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वापरायच्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याच्या भरपाईचा विमा, सक्तीचा आहे. गाडी आपल्या गोठ्यात उभी आहे तोवर प्रश्न नाही. ती गावच्या रस्त्याला लागली, की विमा हवाच. "गावातल्या गावात तर फिरतोय, इन्शुरन्स कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गावातला रस्ता हाही रस्ताच असतो, आणि धक्का लागायला शेजारच्या आळीतले पोरही पुरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विना विमा गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

पण दंड ही लहान गोष्ट झाली. अपघातात कुणी दगावले किंवा कायमचे अपंग झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्या माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. विमा असेल तर ती कंपनी भरते. विमा नसेल तर गाडीच्या मालकाने भरायची. मालकाने भरली नाही, तर याच कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देऊ शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे वर्षाचे हजारभर रुपये वाचवताना आपण सातबारा पणाला लावतो. हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, रात्रीचा अंधार आणि सांडलेला ऊस असतो, हे आपल्याला सांगायला नको.

आधी तीन कागद बघा

विमा काढायला जाण्याआधी घरातच तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, लायसन. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त झाले असेल, तर नुसत्या अर्जावर नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो, हे ज्येष्ठ सभासदांनी ध्यानात ठेवावे. लायसन नसताना अपघात झाला, तर कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती पुढे आपल्याकडून वसूल करू शकते.

दुसरी, आर.सी. बुक. खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आर.टी.ओ.कडे गाडी दाखवून दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावे लागते. २००९ साली घेतलेल्या गाडीची मुदत २०२४ सालीच संपली. मुदत गेलेल्या गाडीचा दावा आला, की कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. पी.यू.सी.ही याच वेळी काढून घ्यावी.

तिसरी, नाव. पुष्कळ घरांत गाडी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाने नावबदलाचा अर्ज द्यायचा असतो. सातबाऱ्याला वारसनोंद लावायला आपण तलाठ्याकडे जातो, तसेच हेही काम आहे. नाव बदलल्यावर विमाही त्याच नावाने करून घ्यावा.

कोणता विमा घ्यावा?

नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता सरकार ठरवते, तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे होते: ७५ सी.सी.पर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सी.सी. ७१४ रुपये, १५० ते ३५० सी.सी. १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये. जी.एस.टी. वेगळा. स्प्लेंडर दुसऱ्या गटात बसते, राजदूत आणि साडेतीनशेची बुलेट तिसऱ्या गटात. पैसे भरण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण पुष्कळांची फसगत इथेच होते.

एक म्हणजे मागे बसणारे माणूस. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याची जोखीम येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. आपल्याकडे तर मागची सीट रिकामी अशी नसतेच. मालकीण बाजाराला, नातू शाळेला, शेजारचे अण्णा दवाखान्याला. पूर्ण विमा, म्हणजे पॅकेज पॉलिसी घेतली तर मागच्याची जोखीम धरली जाते. ते नको असेल, तर मागच्या माणसासाठी जादा संरक्षण मिळते का, ते विचारून पॉलिसीवर लिहून घ्यावे.

दुसरे म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो सक्तीचा आहे. तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. पण तो मिळतो आर.सी.वर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे, त्यालाच. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्याचा उपयोग नाही. मुलासाठी वेगळा अपघात विमा हवा.

खंड पडलेली पॉलिसी

पूर्ण विम्याची मुदत संपून गेली असेल, तर कंपनी गाडी पाहते किंवा फोटो मागवते आणि मगच विमा करते. आधीची मोडतोड त्यात नोंदली जाते, म्हणून गाडी दुरुस्त करून, धुऊन-पुसून दाखवावी. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षाला २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर ती सगळी जाते. तेव्हा यंदा गाडी पुन्हा उभी ठेवायची असली, तरी सूट टिकवायची असेल तर हे ९० दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत.

१ सप्टेंबर २०१८ पासून घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो. त्यावरून "आपला सगळा विमा पाच वर्षांचा आहे" असे समजू नये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या बघाव्यात.

शेवटी, पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. तिच्या आधी झालेल्या अपघाताला ती लागू होत नाही, आणि हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. सकाळी धडक आणि दुपारी पॉलिसी, हे वरातीमागून घोडे झाले. एजंटाने "काम झालंय, चालवा बिनधास्त" म्हटले, तरी पॉलिसी हातात घ्यावी, तिच्यावरचा गाडी नंबर, इंजिन नंबर आणि नाव आर.सी.शी ताडून पाहावे.

ऊस लावताना आपण बेणे पारखून घेतो, कारण पुढचे दीड वर्ष त्यावर अवलंबून असते. किक मारण्याआधी कागद पारखायला एक सकाळ पुरते. ती सकाळ काढावी, डोक्यावर हेल्मेट घालावे आणि मगच काट्याकडे निघावे, ही सर्व सभासदांना विनंती.