परमुलुखातली माणसं (भाग ६) : माझगावचे चिनी

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेल्या नाशिककराने सीएसएमटीला हार्बरची लोकल पकडली, तर तिसरं स्टेशन डॉकयार्ड रोडचं. तिथून चालत काही मिनिटांवर, माझगावच्या गल्लीत, मुंबईतलं एकमेव चिनी मंदिर आहे. सी यप कून त्याचं नाव. बांधलं १९१९ मध्ये. खालच्या मजल्यावर करुणेची देवी क्वान यिन, वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा वचनाला जागणारा योद्धा. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, शहरभर विखुरलेली चिनी कुटुंबं इथे एकत्र येतात.

हे मंदिर उभारलं ते कँटन प्रांतातल्या सी यप भागातून आलेल्या खलाशांनी आणि गोदी कामगारांनी. मुंबई आणि कँटन यांच्यात कापसाचा आणि अफूचा व्यापार त्याआधी शंभरएक वर्षं चालू होता. जहाजांबरोबर माणसंही येत. नवखा खलाशी बंदरात उतरला की त्याला भाषा येत नसे, ओळख नसे. अशा वेळी ‘कून’ म्हणजे नुसता देव्हारा नव्हे. ते गाववाल्यांचं घर. अशी घरं सी यपच्या लोकांनी सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्कोतही बांधली. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावकऱ्यांनी ज्या खोल्या चालवल्या, ज्यांत एका गावचे दहा-वीस गडी पाळ्यांनी झोपत आणि नोकरीची बातमी एकमेकांना देत, त्यांच्याशी या घराचं नातं मराठी वाचकाला लगेच कळेल.

पण गाववाल्यांच्या आधारावर माणूस टिकतो, वाढत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हीच गोष्ट मांडली. नोकरी शोधणाऱ्यांना उपयोगी बातमी बहुतेकदा जिवलगांकडून नाही, तर जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं.

भारतातल्या चिन्यांनी जे धंदे धरले, ते पाहिले की हे पटतं. हुपे प्रांतातले दंतवैद्य, हक्का समाजातले चांभारकाम करणारे, कँटनचे सुतार, पुढे हॉटेलं आणि ब्यूटी पार्लरं. एकाही धंद्यात गिऱ्हाईक आपल्या जातीचं नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणारा पारशी, मराठी, गोवेकर. त्याच्याशी मोडक्या हिंदीत का होईना बोलावं लागे. चर्चगेटचं कामलिंग हॉटेल असंच सगळ्या मुंबईचं झालं. आणि कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात बनवलेलं चिकन मंचुरियन आज नाशिकच्या प्रत्येक चायनीज गाडीवर मिळतं.

एवढं सगळं जोडलेलं असताना १९६२ चं युद्ध झालं, आणि नाती किती पातळ होती ते उघड झालं. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि मुलाबाळांसह, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यातले बहुतेक आसाम, दार्जिलिंग आणि बंगालकडचे. अनेकांचा जन्म भारतातला. शेवटच्या माणसाची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. बाहेर राहिलेल्यांच्या हिंडण्याफिरण्यावरही बंधनं आली, पुष्कळांनी देश सोडला. माझगावची वस्तीही विरत गेली. शेजाऱ्याने ज्याच्याकडून वीस वर्षं दात काढून घेतले, तो दंतवैद्यही सरकारी कागदावर शत्रुपक्षाचाच ठरू शकतो, हे फार वेदनादायक आहे.

महाराष्ट्राच्या सीमेलगतचं एक उदाहरण याहून वेगळं. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून रेल्वे जाते ती बालाघाटच्या तिरोडीला. चिनी लष्करातले वांग ची जानेवारी १९६३ मध्ये वाट चुकून भारतीय हद्दीत आले, सहा-सात वर्षं तुरुंगात राहिले आणि सुटल्यावर त्यांना या गावी आणून सोडण्यात आलं. मागे ना कून, ना गाववाला. त्यांनी पिठाच्या गिरणीत काम केलं, इथल्याच मुलीशी लग्न केलं, गाव त्यांना राज बहादूर म्हणू लागलं. गावाने त्यांना आपलं म्हटलं, कागदांनी मात्र कुठलंच म्हटलं नाही. भारताचं नागरिकत्व नाही, चीनला जायची वाट नाही. आईचं २००६ मध्ये निधन झालं. मुलगा मायदेशी पोहोचला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये, चोपन्न वर्षांनी.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. परक्या माणसाला आधी आपल्यांचा आधार लागतो, मग शेजाऱ्यांचा. पण या दोन्ही गोष्टींना कायद्याचं संरक्षण नसेल तर एका रात्रीत सगळं मोडतं. देवळीत ठेवलेल्यांपैकी काही जण आज कॅनडात राहतात आणि भारत सरकारने अधिकृत माफी मागावी अशी त्यांची मागणी आहे. ती अजून मागितली गेलेली नाही. ती मागायला हवी, आणि छावणी पाहिलेली माणसं हयात आहेत तोवर मागायला हवी.