दोन मोबाईल कंपन्या एक झाल्यावर गावाची रेंज का बदलते? : जोयडा तालुक्यातील ग्राहकांसाठी माहिती

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्याचा व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. डिग्गी परिसरात उगम पावणारी काळी नदी, गणेशगुडी येथील सुपा धरणाचा विस्तीर्ण जलाशय, आणि २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाणारे अणशी-दांडेलीचे राखीव वन यांनी या तालुक्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. येथे एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जावयाचे तर ओढा ओलांडावा लागतो किंवा टेकडी चढावी लागते. अशा मुलखात मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे, बँकेचा सांकेतिक क्रमांक मिळविणे, रास्त भावाच्या दुकानात अंगठ्याची पडताळणी होणे, या सर्वांसाठी रेंज लागते. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत शाळा बंद असताना तर मुलांचे शिक्षणच रेंजवर अवलंबून राहिले होते.

गेल्या काही वर्षांत ग्राहकांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. सिम तेच, फोन तोच, घरही तेच. मग कंपनीचे नाव बदलल्यानंतर पूर्वी येणारी रेंज नाहीशी का व्हावी? किंवा शेजारच्या वाडीत, जेथे ती कधीच नव्हती, तेथे ती अचानक कशी यावी? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विलीनीकरणाचा इतिहास

दूरसंचार सेवेसाठी आपला देश २२ सेवाक्षेत्रांत विभागलेला आहे. जोयडा तालुका कर्नाटक सेवाक्षेत्रात येतो. मात्र अनमोडचा घाट उतरताच लागणारे गोवा राज्य महाराष्ट्र सेवाक्षेत्रात मोडते. एके काळी प्रत्येक सेवाक्षेत्रात अनेक कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर दर झपाट्याने खाली आले आणि लहान-मोठ्या कंपन्यांना स्वतंत्रपणे टिकून राहणे कठीण झाले.

व्होडाफोन इंडिया व आयडिया सेल्युलर या दोन कंपन्यांनी २० मार्च २०१७ रोजी एकत्र येण्याचा निर्णय जाहीर केला आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी हे विलीनीकरण पूर्ण झाले. त्या वेळी संयुक्त कंपनीचे ग्राहक ४० कोटींच्या घरात होते. पुढे ७ सप्टेंबर २०२० रोजी दोन्ही जुनी नावे मागे पडून ‘वी’ हे एकच नाव आले. दरम्यान १ जुलै २०१९ रोजी टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाईल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला. परिणामी कर्नाटकात आज जिओ, एअरटेल, वी आणि भारत संचार निगम असे चारच पर्याय उरले आहेत.

ग्राहकाच्या दृष्टीने हा केवळ कागदोपत्री बदल नसतो. कंपन्यांबरोबर त्यांचे टॉवर, त्यांच्याकडील लहरींचे पट्टे आणि त्यांची यंत्रसामग्री हीही एकत्र होतात. रेंजमधील बदलाचे मूळ येथे आहे.

लहरी आणि डोंगर

मोबाईलचे संभाषण रेडिओलहरींवरून चालते. या लहरींचे निरनिराळे पट्टे आहेत. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर २१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते. लांब लहर दूरवर जाते, टेकडीच्या कडेने थोडीफार वळते आणि झाडीतून व भिंतींतून अधिक सुलभतेने पार होते. आखूड लहरीच्या पट्ट्यांत माहिती वाहून नेण्यासाठी सामान्यतः अधिक जागा उपलब्ध असते, परंतु तिची मजल कमी असते आणि ओल्या पानांच्या दाट छताखाली ती लवकर क्षीण होते. म्हणूनच उन्हाळ्यात लागणारा फोन आषाढात लागत नाही, असा अनुभव जंगलालगतच्या वस्त्यांना येतो.

दुसरी गोष्ट टॉवरला मागून होणाऱ्या जोडणीची. प्रत्येक टॉवर पुढील केंद्राशी जमिनीखालील प्रकाशतंतूने किंवा एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर रोखलेल्या लहरींनी जोडलेला असतो. ही साखळी आहे. मधला एक टॉवर वीज गेल्याने व बॅटरी उतरल्याने बंद पडला, तर त्याच्या पलीकडील टॉवर उभे असूनही मुके होतात. पावसाळ्यात झाडे कोसळून वीजवाहिन्या तुटणाऱ्या प्रदेशात या कारणाचे महत्त्व मोठे आहे.

टॉवर एकत्र करण्याचे गणित

दोन कंपन्या एक झाल्यावर एकाच परिसरात दोघींचे टॉवर असणे हा दुहेरी खर्च ठरतो. जागेचे भाडे, वीज, डिझेल व देखभाल हे सर्व दोनदा भरावे लागते. त्यामुळे दुहेरी ठिकाणांपैकी एक बंद करून दुसऱ्यावर दोन्ही कंपन्यांचे लहरीपट्टे चालविले जातात. याचे परिणाम तीन प्रकारचे होतात.

पहिला प्रकार लाभाचा. ज्या गावात दोघींपैकी एकाच कंपनीचा टॉवर होता, तेथे दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकासही आता रेंज मिळते. प्रत्येक सिममध्ये आपल्या कंपनीचा सांकेतिक क्रमांक असतो. विलीनीकरणानंतर दोन्ही सांकेतिक क्रमांक स्वीकारण्याची व्यवस्था टॉवरवर केली जाते.

दुसरा प्रकारही बहुधा लाभाचाच असतो. एकाच आवारात किंवा अगदी जवळजवळ दोन टॉवर असल्यास एक गेल्याने रेंज फारशी कमी होत नाही. उलट लहरीपट्टे एकत्र आल्याने वेग वाढण्यास मदत होते. रामनगर किंवा जोयड्यासारख्या मोठ्या वस्तीच्या गावी हा लाभ होणे स्वाभाविक आहे.

तिसरा प्रकार मात्र डोंगराळ भागास जाचक ठरतो. समजा, एका धारेच्या दोन्ही अंगांस दोन कंपन्यांचे दोन टॉवर आहेत आणि त्यांत चार किलोमीटरचे अंतर आहे. सपाट प्रदेशात हे अंतर किरकोळ असते. एक टॉवर काढला तरी दुसरा तेवढा भाग सांभाळतो. पण येथे मध्ये डोंगराची धार उभी आहे. पूर्वेकडील टॉवर काढला, तर पश्चिमेकडील टॉवरच्या लहरी ती धार ओलांडून खालच्या वाडीपर्यंत उतरत नाहीत. नकाशावर दोन्ही टॉवरांची वर्तुळे एकमेकांवर पडलेली दिसतात. प्रत्यक्षात वाडी मात्र छायेत गेलेली असते. कंपन्यांचे अभियंते भूरचनेचा विचार करूनच गणित मांडतात. तथापि झाडीची उंची, दरीचे वळण व पावसाळ्यातील ओलावा यांचा अंदाज चुकू शकतो, आणि वीस-पंचवीस घरांच्या वस्तीची उणीव एकूण आकड्यांत लक्षात येत नाही.

याच काळात तिसऱ्या पिढीची म्हणजे थ्रीजीची सेवा बंद करून तिचे पट्टे फोरजीकडे वळविण्यात आले. ज्यांच्याकडे जुने सिम किंवा फोरजी न घेणारा संच होता, त्यांची इंटरनेट सेवा त्यामुळे मंदावली वा बंद पडली. पुष्कळ ग्राहकांनी हा दोष टॉवरचा मानला. पण असा दोष सिम बदलून किंवा संच बदलून दूर होणारा होता.

दोन सिम, एक टॉवर

दुर्गम भागातील कुटुंबांनी अनुभवाने एक शहाणपणाची रीत स्वीकारलेली आहे. एका फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवावयाची. एकीची रेंज गेली तर दुसरीवर काम भागवावयाचे. विलीनीकरणाने या रीतीस नकळत बाधा आली. ज्या घरात एक सिम व्होडाफोनचे व एक आयडियाचे होते, त्या घरातील दोन्ही सिमे आता एकाच जाळ्यावर चालतात. टॉवर बंद पडला की दोन्ही एकाच वेळी बंद. भरणा दोन सिमांचा, आधार मात्र एकाचाच. अशा कुटुंबांनी एक सिम अन्य कंपनीकडे नेणे हिताचे ठरेल.

टक्केवारीचा खरा अर्थ

अमेरिकेत टी-मोबाईल व स्प्रिंट या कंपन्यांचे विलीनीकरण १ एप्रिल २०२० रोजी पूर्ण झाले. त्या वेळी तीन वर्षांत ९७ टक्के व सहा वर्षांत ९९ टक्के लोकसंख्येपर्यंत फाइव्हजी सेवा नेण्याचे वचन कंपनीने तेथील नियामक आयोगास दिले होते. येथे ‘लोकसंख्या’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. ९९ टक्के लोकसंख्या म्हणजे ९९ टक्के भूमी नव्हे. दाट वस्तीच्या शहरांत टॉवर उभारले की टक्केवारी लवकर वाढते. जंगलातील विखुरलेल्या वाड्या शेवटच्या एक-दोन टक्क्यांत शिल्लक राहतात. जोयड्यासारख्या तालुक्याचे स्थान नेमके तेथे असते. म्हणून राज्याची किंवा जिल्ह्याची टक्केवारी ऐकून समाधान न मानता आपल्या वाडीची स्थिती स्वतंत्रपणे मांडली पाहिजे.

शासकीय उपाययोजना

जेथे व्यापारी हिशेबाने टॉवर परवडत नाही, तेथे सार्वजनिक निधीतून तो उभारावा, हे तत्त्व आपल्या देशात मान्य झालेले आहे. त्यासाठीचा सार्वत्रिक सेवा निधी आता डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी सेवेपासून वंचित अशा २४,६८० गावांत फोरजी पोहोचविण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली व तिची अंमलबजावणी भारत संचार निगमाकडे सोपविली. १७ जानेवारी २०२५ रोजी आणखी एक उपयुक्त पाऊल उचलण्यात आले. या निधीतून उभारलेल्या २७,८३६ ठिकाणी भारत संचार निगम, एअरटेल व जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांच्या टॉवरवरून फोरजी सेवा घेण्याची सोय झाली. कंपन्या एक न होताही टॉवर सामाईक वापरता येतो, हे यावरून दिसून येते. दुर्गम भागास हा मार्ग अधिक मानवणारा आहे. कारण त्यात रेंज वाढते आणि ग्राहकाचे पर्यायही कायम राहतात.

ग्रामस्थ, शिक्षक व पंचायतींनी काय करावे?

(१) प्रथम संच व सिम तपासावे. फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, नेटवर्कची निवड ‘आपोआप’ या पर्यायावर ठेवावी आणि सिम जुने असल्यास कंपनीच्या दुकानातून फोरजी सिम घ्यावे.

(२) कंपनी बदलण्यापूर्वी शेजाऱ्याच्या किंवा पाहुण्यांच्या फोनवर दुसऱ्या कंपनीची रेंज घरात, अंगणात व शेतात पाहावी. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, त्यापुढे आपला क्रमांक घालून १९०० वर संदेश पाठविल्यास कंपनी बदलण्याचा सांकेतिक क्रमांक मिळतो. मात्र एकदा बदल केल्यावर ९० दिवस पुन्हा बदल करता येत नाही. म्हणून घाई करू नये.

(३) कंपन्यांनी २०२५ पासून आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध केले आहेत. शिक्षकांनी आपल्या गावाचा नकाशा ग्रामस्थांना दाखवावा. नकाशात रंग आहे पण प्रत्यक्षात रेंज नाही, ही तफावत म्हणजे तक्रारीचा सर्वांत भक्कम आधार होय.

(४) ग्रामपंचायतीने साधी नोंदवही ठेवावी. तीत वाडीचे नाव, जागा, दिनांक, वेळ, कंपनी, रेंज होती की नव्हती आणि त्या वेळी वीज होती की नव्हती, एवढे रकाने पुरेत. महिनाभराच्या अशा नोंदींवरून टॉवरची मजल अपुरी आहे की विजेअभावी तो बंद पडतो, हे वेगळे करून सांगता येते. दोन्ही दोषांचे उपाय भिन्न आहेत.

(५) तक्रार प्रथम कंपनीच्या १९८ क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. गावाचा सामूहिक प्रश्न असल्यास ग्रामसभेचा ठराव नोंदवहीच्या उताऱ्यासह जिल्हा प्रशासनाकडे व दूरसंचार विभागाकडे पाठवावा.

(६) आपल्या कंपनीची रेंज नसली तरी अन्य कोणत्याही कंपनीची असल्यास ११२ हा संकटकालीन क्रमांक लागू शकतो. ही सोय १०८ सारख्या इतर क्रमांकांसाठी गृहीत धरू नये. ही माहिती घरातील वृद्ध व मुले यांना अवश्य द्यावी.

कंपन्यांचे एकत्र येणे वा विलग होणे हे मोठ्या शहरांतील कार्यालयांत ठरते. त्याचा परिणाम मात्र उळवीच्या वाटेवर, कॅसल रॉकच्या रानात आणि अणशीच्या घाटात जाणवतो. काढला जाणारा टॉवर कोणत्या वाडीचा एकमेव आधार आहे, हे दूरच्या अभियंत्यापेक्षा तेथील ग्रामस्थास अधिक चांगले ठाऊक असते. ते ज्ञान तोंडी गाऱ्हाण्यात न राहता लेखी नोंदीच्या रूपाने योग्य ठिकाणी पोहोचले, तर त्याची दखल घेणे संबंधितांना भाग पडेल.