कोमटाचं भय

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. माहूरगडावर रेणुकामातेचे घट बसले आणि आमच्या नांदेडच्या घरात परडीत काळी माती पसरून अखंड दिवा लागला. पुढचे नऊ दिवस त्याची वात सारायची, तेल घालायचं, रात्री एकदा उठून बघायचं. त्याच दिवशी मुंबई-ठाण्यातल्या आणि इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद इथल्या मराठी बोलणाऱ्या काही घरांतही आदल्या संध्याकाळपासून एक ज्योत तेवत होती. ती विझली असती तर कुणाच्या मनाला चुटपुट लागली नसती. चूल मात्र अडली असती.

ही घरं बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी यहुद्यांची. त्या दिवशी त्यांचा रोश हशाना होता, म्हणजे यहुदी वर्षाचा पहिला दिवस. त्यांच्या जुन्या मराठीत 'नव्याचा सण'. हा सण दोन दिवसांचा, आणि २०२४ साली तो गुरुवार-शुक्रवारी आल्यामुळे पाठोपाठ शनिवारचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागला. सलग तीन दिवस. जे काटेकोर पाळतात त्यांच्यासाठी नियम असा, की सणाच्या दिवशी स्वयंपाक करता येतो, पण नवा विस्तव पेटवता येत नाही. काडी ओढायची नाही, लायटर दाबायचा नाही, विजेचं बटण नाही. आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून ज्योत घ्यायची. शब्बाथला तेवढीही मुभा नाही, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत जे शेगडीवर चढलं तेच शनिवारी खायचं. शिवाय शुक्रवारी सण असताना शनिवारचा स्वयंपाक करायचा तर सणाच्या आदल्या दिवशीच एक भाकर आणि एक शिजलेला पदार्थ, बहुधा उकडलेलं अंडं, बाजूला काढून ठेवायचा. म्हणजे शनिवारच्या स्वयंपाकाची सुरुवात आधीच झाली असं मानतात. याला 'एरुव तवशिलीन' म्हणतात. इस्रायलबाहेर इतर मोठे सणही दोन-दोन दिवस पाळतात, त्यामुळे मुंबईकरांना त्या एका ऑक्टोबरात अशी तीन दिवसांची माळ तीनदा ओवावी लागली. तीही ऑक्टोबरच्या उकाड्यात.

लातूर-नांदेडच्या माणसाला सिनेगॉग बघायचा तर पुणं, मुंबई नाहीतर अलिबाग गाठावं लागतं. मग मी या भानगडीत का पडलो? आजीच्या चुलीमुळे.

उदगीरकडच्या आमच्या गावात आजीची चूल दोन तोंडांची होती. पुढच्या तोंडावर तवा, मागे वैल. वैलाला स्वतःचा जाळ नाही. पुढची भाकरी भाजून जी धग मागे सरकते तिच्यावर त्याचं पोट. वरणाचं भगुणं शिजलं की आजी ते वैलावर ढकलायची. तिथं ते मधूनच एखादा बुडबुडा सोडत बसायचं, करपायचं नाही आणि निवायचंही नाही. रात्री ती निखारे राखेत पुरायची. पहाटे राख उकरून गोवरीचा तुकडा टेकवला, फुंकणीनं दोन फुंका मारल्या की जाळ. शेजारची बाई गोवरी घेऊन विस्तव मागायला यायची. काडेपेटी घरात होती, पण असलेला विस्तव विझू देणं हा तिच्या लेखी गलथानपणा होता. विस्तवावरून विस्तव घ्यायचा, हे तिला कुठल्या रब्बीनं समजावून सांगायची गरज पडली नसती.

यहुदी घरातला शब्बाथचा पत्रा हा आमचा वैलच. त्याला 'ब्लेख' म्हणतात. गॅसच्या बर्नरवर एक पत्रा आडवा टाकायचा, खालचा जाळ बारीक करून झाकायचा, आणि भांडी पत्र्यावर मांडायची. चुकून कुणी जाळ मोठा करू नये म्हणून पत्रा बटणांवरही येतो. हल्ली त्या जागी विजेची तापती पाटी आली आहे, तिला इस्रायलमध्ये 'प्लाटा' म्हणतात. युरोपातल्या यहुद्यांचा 'चोलेंत', बगदादी यहुद्यांचा कोंबडी-भाताचा 'तबीत', मोरोक्कोचा 'दाफिना' हे सगळे शुक्रवारी चढवून शनिवारी उतरवायचे पदार्थ. 'दाफिना' या शब्दाचं मूळ अरबी, अर्थ पुरलेला. निखाऱ्यात पुरलेलं भांडं. आगटीतला हुरडा खाल्लेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? अमेरिकेत घरोघरी असलेला विजेचा मंद कुकर इरव्हिंग नॅक्सन या गृहस्थानं काढला, तोही लिथुआनियातल्या या चोलेंतच्या आठवणी घरात ऐकून. १९४० साली त्याला पेटंट मिळालं.

आता खरा रंजक भाग. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या शब्बाथ प्रकरणात एक अख्खा अध्याय गरम भांडं कशात गुंडाळून ठेवावं यावर आहे. कपड्यात चालेल, धान्यात चालेल, कबुतराच्या पिसांत, सुताराच्या भुशात, जवसाच्या बारीक तंतूंत चालेल. शेणखतात नाही. मिठात, चुन्यात, वाळूत नाही. गवत-पाला सुका असेल तर चालेल, ओला असेल तर नाही. आणि यादीत पहिलीच बंदी कशावर? घाण्यातून तेल काढून उरलेल्या पेंडीवर. पुढे तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथात पंडित यावर वाद घालतात की ही पेंड ऑलिव्हची समजायची की तिळाचीसुद्धा.

हे वाचलं तेव्हा मी लातूरच्या मोंढ्यात लहानपणी पाहिलेल्या पेंडीच्या थप्प्यांपाशी जाऊन पोचलो. थप्पीत हात घातला तर आत ऊब लागते. उकिरड्यातून थंडीत वाफ निघते. आंब्याची आढी उघडली की गरम श्वास तोंडावर येतो. ओला कडबा गंजीला लावला तर आतून तापतो, प्रसंगी पेटतोही. मिश्नानं केलेला भेद नेमका हाच आहे: काही वस्तू असलेली ऊब राखतात, काही स्वतः ऊब घालतात. राखणं म्हणजे सांभाळणं, घालणं म्हणजे शिजवणं. ही वर्गवारी करायला उष्णतामापक लागला नाही, गोठा आणि घाणा पुरला.

आणि बेने इस्रायली तर घाणेवालेच. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. कोकणात ते तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. हिब्रू विसरली, ग्रंथ हरवले, शनिवार राहिला. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांचीच. त्यांच्या तिळाच्या पेंडीवर दोन हजार मैल दूर वाद झाला होता हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पण ऊब राखणं ही जितकी गोड गोष्ट वाटते तितकी ती नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा नाहीतर ५ अंशांच्या खाली, आणि मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. ५ ते ६० मधला हा पट्टा म्हणजे मराठीत एकच शब्द: कोमट. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू आहे, त्याची बीजं उकळीलाही मरत नाहीत. अन्न निवत निवत ४५ अंशांच्या आसपास आलं की ती जागी होतात, आणि मग हा जंतू दहा-एक मिनिटांत दुप्पट होतो. मोठ्या भांड्यातलं वरण, रस्सा, मटण ही त्याची आवडती ठिकाणं. भातात बॅसिलस सेरियस. तो जे विष भातात सोडतो ते पुन्हा तापवून जात नाही; जंतू मरतो, विष राहतं. 'परत एक उकळी काढली की झालं' हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय या ठिकाणी कामाचा नाही.

मोठं भांडं हे मुद्दाम सांगितलं. चार माणसांचं वरण घरात पटकन निवतं, कारण पोटाच्या मानानं त्याची बाजू मोठी. पाचशे माणसांची काहील वरून सायीसारखी थंड दिसते, पण आत पोटात तासन् तास कोमट राहते. जंतूला याहून चांगलं पाळणाघर कोणतं? त्यात आमच्याकडचा मे महिना. नांदेड-लातूरला दुपारी पारा ४२ च्या पुढे सहज जातो. म्हणजे मांडवातली नुसती हवाच त्या जंतूच्या मनाजोगत्या तापमानाशी येऊन टेकते. २२ मे २०२२ ला निलंगा तालुक्यात केदारपूरच्या एका लग्नात दुपारी भात, वरण, वांग्याची भाजी आणि गोड असं साधं जेवण झालं, आणि संध्याकाळी तीनशेहून अधिक माणसं उलट्या-जुलाबानं आरोग्य केंद्रांत पोचली. ६ फेब्रुवारी २०२४ ला, एकादशीच्या दिवशी, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत प्रवचनानंतर संध्याकाळी प्रसाद झाला. पहाटेपासून आजूबाजूच्या गावांतली मिळून दोन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. यातल्या कुठल्या घासात काय होतं हे दुरून बसून सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. उपवासाच्या भगरीत बुरशीचा निराळाच घोळ असतो, तोही इथं उघडत नाही. मी फक्त घड्याळाकडे बोट दाखवतोय.

घड्याळाची गोष्ट आमच्याच गावची सांगतो. अखंड हरिनाम सप्ताह, आठव्या दिवशी काला. वरण पहाटे चारला शिजून उतरलं. कीर्तन बाराला संपायचं ते रंगलं, दीडला संपलं. पंगती चारपर्यंत चालल्या. शेवटच्या पंगतीला वाढताना वरणाला किंचित आंबूस वास होता, आणि तो आला म्हणून बरं. निम्म्या लोकांनी वाटी सरकवली. परफ्रिंजेन्सला वास नसतो. बुवांना वेळेत आवरायला सांगायचं धाडस आजही कुणात नाही, ते जाऊ द्या.

यहुदी स्वयंपाकघराला एका बंधनाचा इथं नकळत फायदा झालाय. शब्बाथला निवलेला पातळ पदार्थ पुन्हा तापवायची परवानगीच नाही. त्यामुळे तो एक तर शेवटपर्यंत कढत ठेवावा लागतो, नाहीतर थंडच खावा लागतो. मधली वाट बंद. आपल्याला कधीही गॅस पेटवायची मोकळीक आहे, म्हणून आपण भगुणं ओट्यावर तसंच ठेवून 'नंतर तापवू' म्हणतो.

मात्र पत्रा आणि पाटी यांच्याही खोड्या आहेत. बंद घरात तीन दिवस गॅस जळत राहिला तर हवा कोंदते. खिडकी किलकिली हवी. पाटीखाली कापड, प्लास्टिक नको. २०१५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या अशाच पाटीतून आग लागली आणि एका घरातली सात भावंडं गेली. आमच्या भागात या पाटीला आणखी एक शत्रू आहे: भारनियमन. रात्री अकराला वीज गेली, पहाटे पाचला आली, सकाळी भांडं हाताला चटका देतंय. सगळं ठीक वाटतं. पण मधले सहा तास ते कोमट होतं, आणि त्याचा साक्षीदार कुणी नाही. म्हणून पाटीवर भरवसा ठेवणाऱ्यानं भिंतीवरचं साधं विजेचं घड्याळ मागे पडलंय का तेवढं सकाळी बघावं.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात सणासुदीला लंगरची रांग हटत नाही, आणि तिथं ऊब राखायचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटतो. एक देग रिकामी होत असते, दुसरी चुलीवर असते. अन्न थांबतच नाही. पण ही चैन हजारो हातांची, घरच्या सणाची नव्हे.

घरानं शोधलेली वाट उलटी आहे. श्रावण शुद्ध सप्तमीला, शीतळा सप्तमीला, आमच्याकडे चूल पेटत नाही. तिला सारवून हळदकुंकू वाहायचं आणि आदल्या दिवशीचं खायचं. आदल्या दिवशी काय करतात ते बघा: दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, तेल-तिखटाची शेंगदाण्याची चटणी, बेसनाच्या वड्या, दही. पाणी कमी, तेल किंवा आंबटपणा जास्त. वरण नाही, रस्सा नाही. जे ऊन राहायला हवं ते केलंच नाही. आणि गंमत म्हणजे शिळेपणाचं नाव बेने इस्रायलींच्याही पंचांगात होतं. योम किप्पुरच्या उपवासाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण'. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापून निघालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात सणांची ही मराठी नावं नोंदली आहेत. एलियाहू हन्नबी या प्रेषितासाठी ते जो मलिदा करतात त्यालाही चूल लागत नाही: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. २०२४ साली दारफाळणीचा सण आणि दसरा एकाच दिवशी आले, १२ ऑक्टोबरला, शनिवारी. त्यांनी उपवास केला, आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली.

गेल्या सप्ताहात आमच्या गावच्या आचाऱ्यानं वरणाची काहील बंद केली. आता येसर आमटी असते. येसराचं पीठ कोरडं, डब्यात महिनोन् महिने टिकणारं; भट्टीवर पाण्याला फोडणी देऊन ते खळाखळा उकळत ठेवायचं, आणि बुवांचं पसायदान सुरू झालं की पीठ कालवून त्यात सोडायचं. मी त्याला कौतुकानं माझा नवा तापमापक दाखवला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"मालक, भगुण्याला भाईरून तळहात लावायचा," तो म्हणाला. "ठिवता आला, की ते पंगतीत जायचं न्हाई. जाळावर जायचं."